आईसाठी घेतलेली गोल्फची गाडी

आमच्या वसाहतीत गोल्फ कोणी खेळत नाही. खेळायला जागाच नाही. ब्रोशरमध्ये जिथे हिरवळ दाखवली होती तिथे बिल्डरने आणखी दोन इमारती उभ्या केल्या आणि उरलेल्या पट्ट्यात ट्रान्सफॉर्मर बसवला. तरीही आमच्याकडे गोल्फची गाडी आहे, विजेवर चालणारी, आठ जणांची. पाहुणे आले की आम्ही तिच्याकडे बोट दाखवत नाही, पण पाहुण्यांना ती दिसेल अशाच रस्त्याने त्यांना नेतो.

ही गाडी सेकंडहँड आहे, आणि पहिल्या मालकाकडे असताना आम्ही सगळेच तिच्यात बसून फसलेलो आहोत. बदलापूरच्या बाहेर, जांभूळ गावाच्या अंगाला टेकडी कापून ही वसाहत झाली तेव्हा बिल्डर गिऱ्हाइकांना याच गाडीतून सॅम्पल फ्लॅट दाखवायला न्यायचा. मीही आईला घेऊन आलो होतो. आई ड्रायव्हरशेजारी मांडीवर पिशवी धरून ताठ बसली होती. तिने सेल्सवाल्या मुलीला एकच प्रश्न विचारला, "अंबरनाथचं विहार इथून किती लांब?" मुलगी हसून म्हणाली, "आजी, स्टेशन फक्त पाच मिनिटं!" आईने माझ्याकडे पाहिलं. मी फलकावरच्या स्विमिंग पूलकडे पाहत होतो. तो पूलही पुढे झालाच नाही.

आईचं सगळं आयुष्य अंबरनाथ पश्चिमेला गेलं. तिथल्या विहारात दर पौर्णिमेला बायकांची वंदना तीच सांगायची. पांढरी साडी नेसून ती निघाली की चाळीतल्या बायका आपोआप मागे चालू लागत. इथे आल्यावर पहिलं वर्षभर ती चालत गेटपर्यंत जायची आणि तिथून रिक्षा धरायची. मग गुडघे गेले. आमची इमारत सगळ्यात शेवटची, चढावरची. बिल्डर तिला 'हिल व्ह्यू' म्हणायचा, आई तिला 'वरचं बिऱ्हाड' म्हणायची. पौर्णिमा चुकायला लागल्या, आणि एका पावसाळ्यानंतर तर ती गेटबाहेर पडलीच नाही.

आता कोणी विचारेल, रिक्षा दारापर्यंत का बोलावली नाही? कारण आमच्या वसाहतीत रिक्षाला प्रवेश नाही. ठराव आहे तसा. रिक्षा आत आल्या की 'टाउनशिपचं कल्चर' बिघडतं. या ठरावाला अनुमोदन मी दिलं होतं. अंबरनाथ एमआयडीसीतल्या कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्सला होतो, आणि तीसही वर्षं शेअर रिक्षात ड्रायव्हरशेजारी अर्ध्या ढुंगणावर बसून शिफ्टला गेलो. फ्लॅटची किल्ली हातात पडल्यावर पहिलं काम काय केलं, तर रिक्षा बंद केली. ॲपवरची टॅक्सी बदलापूरला येते म्हणते आणि येत नाही. शेजाऱ्यांच्या गाडीत बसायला आई तयार नसे. म्हणायची, "लिफ्ट देतात आणि मग आठवडाभर सांगत फिरतात."

म्हणून जनरल मीटिंगमध्ये मी उभा राहिलो. सेल्स ऑफिसच्या मागे ताडपत्रीखाली गोल्फची गाडी धूळ खात पडली होती. म्हटलं, ती आपण विकत घेऊ, ज्येष्ठ नागरिकांना घरापासून गेटपर्यंत सोडू. "माझी आई कित्येक महिने गेटबाहेर पडलेली नाही," असं सांगताना माझा आवाज थोडा कापला, आणि खरंच कापला. सभागृह हळहळलं. सेक्रेटरींनी डोळे पुसले. ज्यांनी आईकडे पाहून कधी मान हलवली नव्हती तेही 'आजींसाठी, आजींसाठी' म्हणू लागले. बुद्धपौर्णिमेला आजीच पहिल्या प्रवासी म्हणून बसतील, असंही तिथल्या तिथे ठरलं. ठराव एकमताने पास झाला. आमच्याकडे पाण्याचा ठरावसुद्धा एकमताने होत नाही.

घरी येऊन आईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतून पांढरी साडी काढून उन्हात घातली.

गाडी तपासायला मी मीटर घेऊन गेलो. बिल्डरचा माणूस म्हणाला, "बॅटऱ्या एकदम नव्या आहेत, साहेब." सीट उचलली तर सहाच्या सहा बॅटऱ्यांच्या टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढलेली, आतलं पाणी आटलेलं, आणि बनवल्याची तारीख होती तिथे कोणीतरी खिळ्याने खरवडलेलं. मी बोटाने ती जागा दाखवली. तो म्हणाला, "ते ट्रान्सपोर्टमध्ये घासलं असेल." सहाही बॅटऱ्या नेमक्या त्याच जागी घासल्या गेल्या होत्या. मोटर मात्र ठणठणीत होती, ब्रेकही बरे. घेऊन टाका म्हटलं.

मग सुरू झालं सुधारणांचं प्रकरण. व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना मागवल्या, ही सेक्रेटरींची पहिली चूक. एकाला पुढे लांब एलईडी पट्टी हवी होती, जंगलात शिकारीला निघाल्यासारखी. एकीला मोबाइल चार्जर हवे होते, गेटपर्यंतच्या तीन मिनिटांत किती चार्ज होणार ते तिलाच ठाऊक. खजिनदारांना रिव्हर्सला गाणारा हॉर्न हवा होता. बी विंगने गाडीखाली निळा प्रकाश मागितला, तर सी विंगने बी विंगला निळा मिळत असेल तर आम्हाला जांभळा हवा म्हणून कळवलं. नव्या बॅटऱ्या कोणालाच नको होत्या, कारण त्या सीटखाली जातात आणि फोटोत येत नाहीत. मीही समितीवर होतो, राजीनाम्याची धमकी दिली तेव्हा बॅटऱ्या मंजूर झाल्या. त्या विजयाने मी इतका फुगलो की पुढे काय बोलतोय याचं भान राहिलं नाही.

नव्या बॅटऱ्या घालून गाडी पहिल्यांदा चढावर काढली आणि पहिल्याच स्पीडब्रेकरवर तिचं पोट असं खरवडलं की कुत्री पळाली. आमचे स्पीडब्रेकर म्हणजे बांध आहेत. पोरं मोटारसायकली दामटतात म्हणून एका मीटिंगमध्ये रागाच्या भरात ठरवून बांधलेले. साधा उपाय होता, ते थोडे तासायचे. पण चेअरमन म्हणाले, "ते ठरावाने बांधलेत." ते तासायचे तर नवा ठराव, नव्या ठरावाला मीटिंग, मीटिंगला कोरम. गाडीच्या उंचीबद्दल मात्र कसलाच ठराव नव्हता. "मग गाडीच उंच करू," असं कोणीतरी म्हणालं.

ते कोणीतरी म्हणजे मी. इतकंच नाही, कशी करायची तेही मी कागदावर काढून दाखवलं. स्प्रिंगांखाली ठोकळे, जाड ब्रॅकेट, मोठे टायर. समितीने माना डोलावल्या. रिटायर झाल्यावर चारचौघांनी आपलं ड्रॉइंग बघत मान डोलवावी याचं सुख काय असतं ते त्यातून गेलेल्यालाच कळेल. एमआयडीसीत माझ्या ओळखीचा फॅब्रिकेटर आहे, त्याच्याकडून काम करून घेतलं. मी टेप लावून जमिनीपासूनचं अंतर चार ठिकाणी मोजलं, मिलिमीटरचाही फरक नव्हता. फॅब्रिकेटरने हात पुसत विचारलं, "भाऊ, बसनार कोन हिच्यात?" मी म्हटलं, "पब्लिक." त्याने आणखी काहीतरी विचारायला तोंड उघडलं होतं, पण मी तोवर टायरचे फोटो काढायला लागलो होतो.

सीटसाठी उल्हासनगर. सेक्रेटरी, खजिनदार आणि मी, तिघे गेलो. दुकानदाराने आमची जुनी सीट बोटाने दाबली आणि सहानुभूतीने मान हलवली. "साईं, ये तो हॉस्पिटल का बेंच है. इसपे कोई इज्जतवाला आदमी बैठेगा?" आम्ही तिघे इज्जतवाले एकमेकांकडे पाहू लागलो. "डबल फोम डालके देता हूँ, ऊपर मरून रेक्झिन, गोल्डन धागा. सोफा समझो." नमुन्याच्या गादीवर सेक्रेटरी बसले, दोनदा उसळले आणि म्हणाले, "राजासारखं वाटतंय." मी म्हटलं, "आईच्या पाठीला बरं पडेल." हे मी खरंच म्हटलं होतं. पाठीचा विचार केला, याचं समाधानही वाटलं.

बुद्धपौर्णिमेला सकाळी गाडी झेंडूच्या माळा घालून इमारतीखाली उभी राहिली. देखणी दिसत होती, खोटं कशाला बोलू. चेअरमननी नारळ फोडला. मग आई लिफ्टमधून बाहेर आली. पांढरी साडी, हातात मेणबत्त्यांची आणि फुलांची पिशवी. कित्येक महिन्यांनी खाली उतरली होती आणि चेहरा फुलला होता. टाळ्या झाल्या. कोणीतरी व्हिडिओ सुरू केला.

आई गाडीपाशी गेली आणि थांबली. पाय ठेवायची फळी तिच्या गुडघ्याच्याही वर होती, आणि त्या फळीवरून फुगलेली मरून गादी आणखी वर. तिने दांडा धरून एक पाय उचलला. पाय अर्ध्यात थरथरला आणि खाली आला. पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा तिने नुसतं गाडीकडे पाहिलं. वॉचमन प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन धावला, स्टुलाचा एक पाय आखूड होता. व्हिडिओवाला म्हणाला, "आजी, एक स्माइल!" सेक्रेटरी माझ्या कानात म्हणाले, "उचलून बसवा ना पटकन." मी पुढे झालो, हात पुढे केले.

"उचलून?" आई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "विसर्जनाला निघाले काय मी?"

कोणी हसलं नाही. ती माझ्याकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "जल्माची मापं घेत आलास तू. घरात बसलेल्या माणसाला एकदा विचारलं असतंस, पाय किती उचलतो म्हणून." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा आठवडे मी तिच्या नावाने बॅटऱ्या, टायर, ब्रॅकेट, धागा निवडत होतो आणि त्या सहा आठवड्यांत तिला एकदाही खाली आणून गाडीपाशी उभं केलं नव्हतं.

मुहूर्त टळू नये म्हणून सेक्रेटरींच्या मिसेस आणि बी विंगच्या बायका टुणकन उड्या मारून बसल्या. गाडी आमच्या बाजूने निघून गेली. आई माझ्या हाताला धरून पायी उतरू लागली. तेवढ्या उताराला पाऊण तास लागला. गेटबाहेर रिक्षा केली, अंबरनाथला पोहोचलो तेव्हा वंदना संपत आली होती. तिला पाहून बायकांनी जागा दिली आणि शेवटचं तिलाच म्हणायला लावलं. नंतर निघायचं म्हटल्यावर ती म्हणाली, "आज मावशीकडं राहते." मावशीची खोली विहाराच्या गल्लीतच, तळमजल्याला, उंबरठा सोडला तर चढायला काही नाही. मी म्हटलं, उद्या येतो न्यायला. ती म्हणाली, "सावकाश ये."

त्याला आता पाच महिने झाले. आमची गाडी फार छान चालते. शाळेची मुलं जातात, जिमची मंडळी जातात, एका लग्नात तिच्यातून नवरदेवही गेला. एका आजोबांना बसवायचा प्रयत्न झाला होता, तेव्हापासून ते गाडी दिसली की बाकावरून उठून जातात. ज्येष्ठ नागरिकांचा प्रतिसाद कमी आहे, अशी नोंद समितीने केली आहे.

गेल्या महिन्यात मी स्वतःच्या हाताने गाडीला दोन टप्प्यांची लोखंडी पायरी लावली, दोन्ही बाजूंना धरायला दांडे बसवले. रविवारी मावशीकडे गेलो. आई दारात चपला घालत होती, पौर्णिमा होती. मी मोबाइलमधला फोटो दाखवला, टप्प्याची उंची किती ते सांगितलं, म्हटलं, "आता चल ना घरी. आता तुला सहज चढता येईल."

तिने फोटो नीट पाहिला, मोबाइल लांब धरून, जवळ धरून. "चांगली केलीस," ती म्हणाली. "मजबूत दिसते. राहू दे तशीच. तुला लागेल ती."

मग पिशवी उचलून ती विहाराकडे चालू लागली. मी मागून जाऊन तिचा हात धरला, तर तिने तो हळूच सोडवून घेतला.