छिरिंगनं सांगितलं होतं

चोवीस वर्षं फौजेत काढून हरिबा हवालदार म्हणून निमोण्याला परत आला, तेव्हा गावानं त्याला उघड्या जीपमधून मिरवलं. चौकात फ्लेक्स लावला होता, 'भूतानचा रक्षक'. तो वाचूनच हरिबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

निवृत्तीआधीची दोन वर्षं तो भूतानात होता. आपली फौज तिथल्या छोट्या फौजेला शिकवते, त्या शिकवणाऱ्यांतला तो एक. रक्षक कसला डोंबलाचा.

स्टेजवर बबनराव उठले. माजी सरपंच, माइक हातात आला की सोडायचं नाव नाही. "एवढासा देश त्यो. आपल्या हरिबानं बोट धरून चालाया शिकवलं त्याला."

टाळ्या पडल्या. हरिबानं ताडकन उठून माइक ओढून घेतला. "आप्पा, कुणी कुणाला शिकवलं ते ऐका आता."

धनगराच्या पोटचा तो. बापामागं मेंढरं हिंडवताना घोडनदीच्या कोरड्या वाळूत मुक्काम टाकायचं अंगवळणी पडलेलं. वाळू मऊ, वारा कमी, आणि पाऊस नसला की पाणी येतंय कुठून? भूतानातही डोंगर चढून दमलेल्या जवानांना त्यानं कोरड्या ओढ्यात तंबू ठोकायला लावले. तिथला नाईक छिरिंग मोडक्या हिंदीत म्हणाला, वरचा बर्फ उन्हानं वितळतो, दुपारी इथं पाणी येतं. हरिबानं त्याला सगळ्यांदेखत झापलं, "उस्ताद मैं हूँ की तू?"

दुपारी पाणी आलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. छिरिंगनं हरिबाला कॉलर धरून काठावर ओढलं. एक पोरगा तंबूत अडकला होता, त्याला सोडवायला तो परत आत गेला. पोरगा वाचला, छिरिंग वाहून गेला.

"मोठ्या देशाचा म्हणून माझं डोकं चढलं व्हतं. त्यो खरं सांगत व्हता, मी ऐकलं न्हाई. आन् तुम्ही मला हार घालताय. लाज कशी वाटत न्हाई आपल्याला?"

मग बबनरावांनी घसा खाकरला. "बघा, किती मोठं मन हाय," ते म्हणाले, आणि मेल्या टाळ्या पुन्हा पडल्या. हरिबानं गळ्यातला हार तोडून स्टेजवर आपटला आणि तरातरा खाली उतरला. त्या घटकेला अख्खं गाव त्याच्या डोक्यात गेलं होतं.

पहिल्या रांगेत त्याची आई बयाबाई बसली होती. तिनं टाळी वाजवली नव्हती. तिनं त्याचं मनगट धरलं.

"त्या छिरिंगला आई हाय का रं?"

"हाय."

"आत्ता बोललास, ते तिला सांगितलंस?"

छिरिंगच्या घरी तो गेला होता. म्हातारीनं त्याला हातानं चहा करून पाजला होता, आणि 'पाणी अचानक आलं' एवढंच सांगून तो उठला होता. चौकशीतही त्यानं तेवढंच लिहून दिलं होतं.

"न्हाई," तो म्हणाला.