नायक आमच्या गावात पाणी प्यायला!

मंडळी, आज डोकं फिरलंय माझं.

आमच्या वाचक गटाला शाळेत आवडलेले एक जुने कादंबरीकार पुन्हा वाचायचेत. त्यांची कुठली कादंबरी एकत्र वाचायची, ते आज टिळकवाडीत गटाच्या बैठकीत ठरणार होतं. मी निपाणीहून गेलतो. वाटेत भज्यांसाठी उतरलो आणि बस गेली, ते जाऊ दे.

शाळा सुटल्यावर मी आपणहून पूर्ण वाचलेली एकमेव कादंबरी त्यांचीच. तिच्यावर बोलायला आजवर कुणी भेटलं नव्हतं, म्हणून तीच सुचवली.

येळ्ळूरचे अण्णा म्हणाले, "त्यात आमचं गाव न्हाय रं. त्यांच्या दुसऱ्या कादंबरीत हाय बघ!"

कडोलीची आक्का उसळली, "तुमच्यात नायक नुसता पाणी पितोय. तिसऱ्या कादंबरीत आमच्याकडं मुक्काम करतोय!"

मी विचारलं, "मग पुढं काय होतंय त्याचं?"

पुढचं कुणी वाचलंच नव्हतं.

तरी मतदान झालं आणि मुक्काम जिंकला. किळस आली राव! कादंबरी निवडत होतो की शेताचा उतारा बघत होतो?

माझी कादंबरी पिशवीतून बाहेरसुद्धा निघाली नाही. तिच्यात घर सोडून भटकणारा एक पोरगा आहे, बाकी आपल्याकडचं काही नाही.

तुमच्यापैकी कोण वाचेल का ती माझ्याबरोबर? गाव कुठलंही चालेल.