पायगुडे सरांचं ‘चांगली’

तो फॉर्म मी स्वतःच्या हातानं पाठवला, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की पूर्णिमाबाई सगळं दुसऱ्यावर ढकलतात.

बुधवार पेठेतल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात मी एकोणीस वर्षं क्लार्क आहे. ज्ञानदेव पायगुडे सर माझ्याही आधीपासून, एकतीस वर्षं, कॉमर्सच्या मुलांना गणित शिकवतायत. माणूस लाखातला, पण तोंडून कौतुकाचा शब्द निघेल तर शपथ! भाचीच्या लग्नात पंगतीतून उठल्यावर आचाऱ्यानं विचारलं, जेवण कसं झालं? सर म्हणाले, "मीठ बरोबर होतं." त्यांचा मुलगा सौरभ हिंजवडीत मॅनेजर झाला, पेढे घेऊन आला, तर म्हणे, "उशीर झाला, पण झालास." आणि सौरभ खूश! आम्हाला सगळ्यांना सरांची सवय आहे. ते "ठीक" म्हणाले की पोरं वर्गाबाहेर उड्या मारतात. "चांगलं" हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकोणीस वर्षांत दोनदा ऐकला असेल.

तर ही तेजस्विनी सातव, बारावीतली. वडील साईनाथ वाघोलीहून हिंजवडीला कंपनीची बस चालवतात. पोरीला बारावीनंतर कॅनडात बिझनेसची डिग्री करायची होती. तिथल्या एका विद्यापीठात परदेशी मुलांना पूर्ण फी माफ होईल अशी शिष्यवृत्ती होती. ती मिळाली तर जायचं, नाही तर विषय बंद, असं घरी ठरलेलं. मार्क उत्तम होते, निबंध तिनं स्वतः लिहिला. राहिली शिक्षकांची शिफारस. तिनं पायगुडे सरांचं नाव दिलं.

सर कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, म्हणून लिंक ऑफिसच्या ईमेलवर आली. ऑक्टोबर संपत आला होता. मी वाचत होते, सर सांगत होते. प्रत्येक गुणापुढे रकाने होते: सरासरीपेक्षा कमी, सरासरी, चांगली, फार चांगली, उत्कृष्ट, आणि शेवटचा, 'माझ्या आजवरच्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी एक'.

"बुद्धिमत्ता?"

"चांगली."

मी मान वर करून बघतच राहिले. चांगली! पायगुडे सर!

"स्वतंत्र विचार?"

"चांगला."

"नेतृत्व?"

"ते मी कुठे बघितलं? ती काय निवडणुकीला उभी होती? सरासरी."

शेवटी चार ओळी लिहायच्या होत्या. सर म्हणाले, "लिहा. वेळेवर येते. शिकवलेलं समजतं. चूक कबूल करते."

"आणखी काही, सर?"

"आणखी काय, आरती ओवाळू?"

मी त्याचं जसंच्या तसं इंग्रजी केलं आणि आनंदानं बटण दाबलं. अहो, आनंदानं! संध्याकाळी तेजस्विनीला जिन्यात गाठून कानात सांगितलं, "सरांनी तुला दोनदा 'चांगली' दिलंय." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोघी येड्यासारख्या हसत उभ्या होतो.

डिसेंबरात नकार आला. तेजस्विनी हुशार, तिनं कारण विचारणारा ईमेल केला. त्याचं उत्तर घेऊन ती ऑफिसात आली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. दोनच ओळी होत्या. मार्क आणि निबंध समाधानकारक आहेत, परंतु शिफारस करणाऱ्या शिक्षकांनाच विद्यार्थिनीविषयी खात्री वाटत नाही, असे दिसते.

मी तीनदा वाचलं.

"मॅडम, सगळ्यांचे शिक्षक शेवटचा रकाना भरतात म्हणे," ती हळूच म्हणाली. "माझ्या मैत्रिणीला परदेशी प्रवेश करून देणाऱ्या एजन्सीवाल्यांनी सांगितलं." मग म्हणाली, "सरांना मी आवडत नव्हते का?"

कपाळ माझं! तशी शिष्यवृत्ती देणारं आणखी एकच विद्यापीठ उरलं होतं, आणि त्याची मुदत शुक्रवारी संपत होती. तेजस्विनी गेल्यावर मी तरातरा स्टाफरूममध्ये गेले आणि ईमेलची प्रिंट सरांपुढे ठेवली.

सरांनी चष्मा लावून वाचलं. "हे कुणाबद्दल आहे?"

"तुमच्याबद्दल, सर."

"पण मी 'चांगली' लिहिलंय."

"तिकडे चांगली म्हणजे टाकाऊ! शेवटचा रकाना सोडून बाकी सगळे नापासच!"

"सगळ्याच मुलांना सर्वोत्तम?" सर खरोखर हबकले होते. "मग उरलेली मुलं शिकतात कुठे?"

माझा पारा चढला. म्हटलं, "सर, ती तिकडची माणसं राहू द्या. ती पोरगी विचारतेय, सरांना मी आवडत नव्हते का. दोन वर्षं तुमच्यासमोर पहिल्या बाकावर बसली, तिलासुद्धा कळलं नाही!" एवढं कुणी सरांना बोललं नव्हतं आजवर. त्यांनी प्रिंटची घडी केली, खिशात ठेवली आणि तासाला निघून गेले.

शुक्रवारी दुपारी मी त्या दुसऱ्या विद्यापीठाचा फॉर्म उघडून बसले होते, तेव्हा ते ऑफिसात आले. हातात दोन कागद, गिचमिड अक्षरात भरलेले. तेजस्विनी फीच्या खिडकीपाशी उभी होती. तिला बघून ते थबकले, पण परत गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि तिच्याकडे न बघता मोठ्यानं वाचायला लागले.

"या मुलीनं वडिलांच्या बसच्या थांब्यांचा क्रम स्वतः मांडून बदलला. कंपनीच्या अठ्ठेचाळीस माणसांना पटवून दिला. रोजची वीस मिनिटं वाचली. मला दाखवलं तेव्हा मी फक्त एक बेरीज तपासायला सांगितली." सरांनी दुसरा कागद वर घेतला. "एकदा फळ्यावर माझं उदाहरण चुकलं. एकतीस वर्षांत मला उभं राहून चूक दाखवणारी ही एकटी. मी तिला खाली बसायला सांगितलं आणि फळा पुसला. त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं, आज वर्गात माझ्यापेक्षा हुशार मुलगी बसली होती. तिला मात्र सांगितलं नाही."

खिडकीपाशी तेजस्विनी तोंडावर हात धरून उभी होती. माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. या माणसाच्या पोटात इतकं होतं?

"रकाने," सर म्हणाले.

"सांगा."

"शेवटचा. सगळ्यांपुढे."

"नेतृत्वसुद्धा?" माझं तोंड गप्प बसेल तर ना! "सर, तुम्हीपण खोटं लिहायला लागलात की."

"खोटं मागच्या वेळी लिहिलं होतं," सर म्हणाले. "दाबा."