दिलदार पेंटरचं टर्पेंटाईन

दिलदार पेंटरनं राजारामपुरीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि गल्लीतल्या निम्म्या बायकांना गुडघ्याला टर्पेंटाईन चोळायला शिकवलं. पाट्यांबद्दल त्याची बायको फातिमा काही बोलायची नाही. गुडघ्यांचा विषय निघाला की मात्र तिचं डोकंच फिरायचं.

कुणाची पाठ धरली, कुणाचा पाय मुरगळला, की ह्याचा डबा तयार! जो मागेल त्याला वाटीभर. "रंग पातळ करायचं तेल हाय ते, माणसं चोळायचं न्हवं," असं फातिमानं हजारदा सांगितलं. अंगावर सांडलं तर साबणानं धुवा, दार उघडं ठेवा, जाळाजवळ नेऊ नका. एकदा डब्याशेजारी बिडी पेटवताना त्याच्या भुवया जळाल्या, तरी गडी हसतोय! "भुवया काय, परत येत्यात की!" आता अशा माणसापुढं डोकं फोडून घ्यायचं का काय?

सत्याहत्तरच्या हिवाळ्यात त्यांची लेक रशिदा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, पण पोरीची कंबर धरली. तेवढ्यात फातिमाला डिंक आणायला बाजारात जावं लागलं आणि घर दिलदारच्या हाती सापडलं.

आपल्याकडं चोळणं म्हटलं की शेक आलाच. बाळंतिणीला तेल लावायचं, वारं लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी सारायची. मालिश करणारी बयाबाई जन्मभर तेच करत आली होती. खोबरेल लावून कुणाचं काही वाईट झालं नव्हतं.

फातिमा परत आली तर उंबऱ्यातच रंगाचा वास. परसात बयाबाई शेगडीला वारा घालत बसलेली, निखारे लालबुंद.

"आज खोबरेल न्हाय लावलं, भाबी. मालकांनी त्यांचं खास तेल दिलंय. पोरीला चांगलं रगडलंय. आता शेगडी सारली की झालं."

फातिमाच्या हातातली पिशवी गळून पडली. तिनं बादली उचलली आणि सगळं पाणी शेगडीवर ओतलं. राख उडाली, बयाबाई किंचाळली. फातिमानं आत धाव घेतली. कोंडलेल्या खोलीत डोळे चुरचुरत होते, बाळ खोकत होतं. बाळाला छातीशी धरून, रशिदाला दंडाला धरून तिनं दोघांना परसात आणलं.

"अवो भाबी, वारं लागंल पोरीला!" बयाबाई ओरडली.

"लागू दे वारं! जाळ लागण्यापरीस बरं!"

दिलदार मागनं आला. "एवढं बोंबलायला काय झालंय? चार थेंब तर हायत."

"चार थेंब? लेकीची पाठ, अंथरूण, सगळं भिजलंया! शेगडी आत गेली असती तर खाटंसकट पेटली असती पोर! नातू तिच्या कुशीत हुता, दिसत न्हवता व्हय तुम्हाला?"

दिलदार आत गेला आणि भिजलेलं अंथरूण ओढत बाहेर घेऊन आला.

फातिमा लेकीची पाठ साबणानं धुवायला बसली. कातडी लाल झाली होती. धुताना तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता, आधी नवऱ्यावर, मग बयाबाईवर.

"अम्मा, मावशीला नको बोलूस," रशिदा हळूच म्हणाली. "त्या तेलानं पाठ गार पडली. लई थंडी वाजाय लागली. शेगडी लवकर आणा म्हणून मीच मागं लागलती."

फातिमाला अजून पुष्कळ बोलायचं होतं. पण साबणाचा हात लेकीच्या पाठीवर तसाच ठेवून ती ढसाढसा रडली.