टेकडीवरच्या मावशींचा उसना आवाज

गावाबाहेरच्या सार्वजनिक गोल्फच्या मैदानाला मैदान म्हणायचं ते आपलं म्हणायला. सपाट जागा होती ती गाड्या लावायची, तेवढीच. बाकी नुसते चढ, उतार, दगड आणि घळी. मारलेला चेंडू झेंड्याकडे जाईल की घरंगळत मारणाऱ्याच्याच पायाशी परत येईल, हे देवालाच ठाऊक. तरी न्हावी, दातांचे डॉक्टर, पेन्शनर आजोबा असे सगळे हौसेने येत आणि खेळण्यापेक्षा जास्त वेळ चेंडू शोधत.

मधोमध एक टेकडी होती. चेंडू अलीकडून मारायचा, पडायचा पलीकडे. तिकडे कोण उभं आहे ते मारणाऱ्याला दिसत नसे. म्हणून माथ्यावर मावशी उभ्या. पलीकडची माणसं हलली की "मारा!", नाही हलली की "थांबा!" हीच त्यांची नोकरी. वर टोमणे फुकट. "डॉक्टर, दात उपटताय का? नीट मारा!" "आजोबा, चेंडू राहू द्या, तुम्ही हरवू नका म्हणजे झालं!" मावशींचा असा टोमणा खाल्ल्याशिवाय कुणाला खेळल्यासारखं वाटत नसे.

नव्या मॅनेजरसाहेबांनी मात्र विजेचा भोंगा आणून ठेवला होता. "मावशी, एक दांडी झाली की भोंगा बसलाच म्हणून समजा."

घराच्या चार भिंतींत मावशींचा आवाज मावत नसे. टेकडी गेली तर तो ठेवायचा कुठे?

आणि एका सकाळी त्यांचा घसाच बसला. तोंड उघडलं तर नुसतं फुस्स. मावशींनी हात जोडले. देवाला नुसते ओठ हलवले तरी कळतं, पण टेकडीखालच्यांना कसं कळणार?

त्यांचे यजमान शिंपी. गिऱ्हाइकाशी गोड, घरात मुके. मावशींनी हातवारे करून त्यांना बेत समजावला.

"मी? बायकी आवाजात?"

मावशींनी डोळे वटारले. ते मात्र लगेच कळलं.

यजमान टेकडीवरच्या मोठ्या दगडामागे उकिडवे बसले. मावशींनी पाठीमागे पंजा उघडला की "मारा", मूठ वळली की "थांबा". मावशी पुढे नुसतं तोंड उघडणार.

पंजा उघडला. दगडामागून बारीक आवाज आला, "मारा हं. सावकाश. घाई काही नाही."

डॉक्टरांच्या हातून काठी निसटली.

मूठ वळली. "जरा थांबता का, प्लीज? उभं राहून पाय नाही ना दुखत?"

"मावशींना काहीतरी झालंय," न्हावी घाबरून म्हणाला. "सकाळपासून मला एक टोमणा नाही!"

"लक्षण बरं नाही," डॉक्टर म्हणाले. खेळ सोडून दोघे टेकडी चढायला लागले. ते पाहून मॅनेजरसाहेबही धापा टाकत निघाले. खाली उरले फक्त गुडघेदुखीवाले आजोबा.

"मावशी, काय होतंय?" वर येऊन तिघांनीही एकदमच विचारलं.

काही नाही, काही नाही, म्हणून मावशींनी दोन्ही पंजे हलवले.

दगडामागून इमानाने आवाज आला, "मारा हं!"

खाली आजोबांनी आज्ञा पाळली. त्यांचा चेंडू जन्मात कधी सरळ गेला नव्हता, तो नेमका आज गेला. यजमानांनी डोकं वर काढलं, चेंडू मावशींच्या रोखाने येताना पाहिला, आणि त्यांच्या पोटातून खरा आवाज निघाला.

"अगं, खाली बस!"

मावशी बसल्या. डॉक्टर बसले, न्हावी बसला. पलीकडच्या उतारावरची माणसंही मुकाट बसली. मॅनेजरसाहेब बसले ते थेट काटेरी झुडपात. चेंडू सगळ्यांच्या डोक्यांवरून निघून गेला.

"हे कोण?" साहेब कण्हले.

"यांचे मिस्टर," यजमान उठून अदबीने म्हणाले. "आणि साहेब, उभे राहू नका. मागून पँट पार उसवलीय."

साहेबांना पालथं निजवून, कॉलरला टोचलेला सुई-दोरा काढून ते कामाला लागले. साहेब पालथे पडल्या पडल्या ओरडले, "ही चक्क फसवणूक आहे! उद्याच भोंगा बसवतो!"

"भोंगा टोमणे मारील का?" न्हावी भडकला. "आज गोड बोलणं ऐकून माझा हातच चालेना!"

"आमचंही तेच," डॉक्टर म्हणाले.

"पण शिस्त..." साहेबांनी मान वळवली.

"हलू नका हं," यजमान म्हणाले. "टोचेल."

मागे सुई असताना माणूस फार वेळ वाद घालत नाही. साहेब म्हणाले, "बरं, राहू देत मावशी. भोंगा देतो परत. पण घसा सुधारेपर्यंत काय?"

"तोवर मी येतो, माझ्याच आवाजात," यजमान दोरा तोडत म्हणाले.

मावशी त्यांच्या कानाशी वाकल्या आणि बराच वेळ पुटपुटत राहिल्या. ऐकून यजमानांनी घसा खाकरला आणि ते सगळ्या टेकड्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "ती म्हणतेय, खाली चला सगळे, खेळ खोळंबलाय!"

"इतका वेळ एवढंच सांगत होत्या?" साहेबांनी विचारलं.

"नाही हो," यजमान म्हणाले. "बाकीचं मी कापलं."