खात्री नसेल तर ‘एन’

दादाचं घशाचं ऑपरेशन झालं आणि त्याचा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. माझ्या या मोठ्या भावाचं वर्ध्याजवळ सेलूला कापडाचं दुकान आहे आणि ते दुकान चालायचं त्याच्या बोलण्यावर. अस्तराचं कापड घ्यायला आलेल्या बाईला तो आधी बसवायचा, पाणी द्यायचा, तिच्या सोयाबीनची, सासऱ्याच्या गुडघ्याची चौकशी करायचा, आणि ती अस्तराबरोबर पडद्यांचं कापडही घेऊन जायची.

घरी आणल्यावर त्याच्या हातात पाटी दिली. पण पाटी त्याच्यापाशी आणि वहिनी स्वयंपाकघरात. तो टाळी वाजवायचा, वहिनी कणकेचे हात घेऊन बाहेर यायची, पाटीवर असायचं : पंखा. पुन्हा आत जायची, पुन्हा टाळी : गोळी. बोलायला लागला की न थांबणारा माणूस एकेका शब्दावर आला होता. माझ्या भाचीनं, म्हणजे दादाच्या मुलीनं, पुण्याहून येऊन त्याच्या मोबाईलवर एक सोय करून दिली. लिहिलं की मोबाईल ते वाचून दाखवतो. दादानं ‘मले पाणी दे’ लिहिलं आणि मोबाईलमधून एक बाई गोड, शहरी आवाजात ते बोलली. वहिनीला हसू आलं. दादानं मोबाईल उशीखाली सारला तो परत काढला नाही.

टीव्हीची कल्पना माझी. वर्ध्याला लागून पिपरी मेघेला माझा टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा छोटा क्लास आहे. तिथला एक जुना कॉम्प्युटर अडगळीत पडला होता. तो दादाच्या टीव्हीला जोडायचा, दादानं दिवाणावर बसून लिहायचं, अक्षरं मोठी करायची, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारातूनही वहिनीला वाचता येईल. केलंही तसं. पण कीबोर्डची वायर खोलीभर आडवी आली आणि दुसऱ्याच दिवशी वहिनी दुधाचं पातेलं घेऊन तिच्यात अडखळली. भाचीनं मग बिनवायरचा कीबोर्ड पाठवला. मी त्याच्या बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले, वर्ध्याहून ब्लूटूथचा नखाएवढा तुकडा आणून कॉम्प्युटरला खोचला आणि वाट पाहिली. कॉम्प्युटरला काही पत्ताच नव्हता.

तो कॉम्प्युटर विंडोजऐवजी लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालायचा आणि ती माझ्या जुन्या भाडेकरणीनं बसवून दिलेली होती. ती इंजिनिअर, आता बंगलोरला असते. तिला फोन लावला.

“काकू, त्याच्या कर्नेलमध्ये ब्लूटूथच नाहीये. मशीन जुनं, म्हणून हलकं राहावं यासाठी मी काढून टाकलं होतं.”

“मग परत टाक.”

“मी इथून कसं टाकू? तुम्हालाच कर्नेल नव्यानं बनवावं लागेल. त्याला लागणारं सगळं आहे त्या कॉम्प्युटरमध्ये. एक यादी उघडते, तिच्यात हो-नाही सांगायचं फक्त.”

कर्नेल म्हणजे सिस्टिमचा गाभा, यंत्राच्या प्रत्येक भागाशी तोच बोलतो, एवढं मी क्लासमध्ये शिकवते. शिकवणं वेगळं. दुसरी तयार सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली, तर टीव्हीवर नुसता काळा पडदा. तेव्हा यादीशिवाय गत्यंतर नव्हतं.

रविवारी दुपारी दादाच्या घरी वायरचा जुना कीबोर्ड जोडून ती यादी उघडली. निळा पडदा आणि त्यावर ओळीच ओळी. एका ओळीत शिरलं की आत आणखी ओळी. प्रत्येकीला तीन उत्तरं : ‘वाय’ म्हणजे गाभ्यातच घ्या, ‘एम’ म्हणजे वेगळं ठेवा, लागेल तेव्हा घेऊ, आणि ‘एन’ म्हणजे नको. ‘एम’ आणि ‘वाय’मधलं काय घ्यावं हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. मदतीचं बटण दाबलं की इंग्रजीत चार ओळी यायच्या, त्यातल्या तीन माझ्या डोक्यावरून जायच्या आणि चौथी बहुतेक ठिकाणी तीच असायची : खात्री नसेल तर ‘एन’ म्हणा. मला कशाचीच खात्री नव्हती. मी ‘एन’ म्हणत गेले.

वहिनी चहा घेऊन आली. “काय करून राह्यल्या बाई तुमी? जेवल्यापासून नुसत्या त्या निळ्या पडद्याकडं पाहून राह्यल्या.”

“ते मले इचारून राह्यलं वहिनी, हे पायजे का, ते पायजे का.”

“मंग हाव म्हणा ना.”

“पण ते कायले पायजे, हे समजत नाई ना मले.”

“मंग नाई म्हणा,” वहिनी म्हणाली आणि कप ठेवून गेली.

ब्लूटूथची ओळ सापडली. तिला ‘वाय’ म्हटल्यावर तिच्या पोटातून आणखी ओळी निघाल्या, ज्या आधी दिसतच नव्हत्या. एकीत कीबोर्डचा उल्लेख होता, तिला हो म्हटलं. बाकी कंपन्यांची, चिपांची नावं. ती मी कधी ऐकली नव्हती, म्हणून सगळ्यांना ‘एन’. मग कर्नेल बनवायला लावलं. पडद्यावर अक्षरं धावू लागली, कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. दादा दिवाणावर मांडी घालून त्या धावत्या ओळी असा बघत होता, की वाटावं सगळं वाचतोय. बऱ्याच वेळानं त्यानं पाटीवर लिहिलं, ‘हे काय लिहून राह्यलं?’

“मले बी नाई माहीत,” मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

इतकं होऊनही तो नखाएवढा तुकडा कॉम्प्युटरला काही दिसला नाही. भाडेकरीण फोनवर म्हणाली, “यूएसबीचा ड्रायव्हर घेतला ना? ब्लूटूथच्या आतच एक वेगळी पोटयादी आहे.” तीच, ज्यातल्या प्रत्येकाला मी नको म्हटलं होतं.

पुढच्या रविवारी पुन्हा सेलूची बस, पुन्हा यादी, पुन्हा पंख्याची घरघर. या वेळी तुकडा दिसला. कीबोर्डचं नावही पडद्यावर आलं. मग एक लांबलचक आकडा आला आणि सूचना, की हा आकडा कीबोर्डवर टाइप करा. दादानं चष्मा वर केला, एकेक बटण शोधून आकडा दाबला, शेवटी एंटर. पडद्यावर आलं : जोडलं गेलं. वहिनीनं टाळ्या वाजवल्या.

मी मोठ्या अक्षरांचं पान उघडून दिलं. दादानं एक बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही.

मी चक्रावून गेले. आत्ता याच कीबोर्डवरून दाबलेला आकडा यंत्राला कळला होता. जोडलं गेलं असं ते अजूनही सांगत होतं. मग अक्षरं कुठं जात होती? मी बॅटरी काढून घातली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दादाला वाटलं, चूक त्याचीच. तो बटणं जोरात दाबू लागला, मग दोन बोटांनी, मग अंगठ्यानं. शेवटी त्यानं कीबोर्ड बाजूला सरकवला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. पाटीसुद्धा घेतली नाही.

वहिनी मला दारापर्यंत सोडायला आली. “राहू द्या बाई आता,” ती हळूच म्हणाली. “पाटी हाये ना. तुमी आल्या का त्याइले आशा लागते.”

त्या आठवड्यात क्लासमध्ये मुलींची बोटं खटखट चालायची आणि माझं लक्ष त्यांच्या पडद्याकडं जायचं. बटण आणि अक्षर यांच्या मधे काय असतं, हे इतकी वर्षं शिकवून मला ठाऊक नव्हतं. भाडेकरणीला फोन केला तेव्हा तिच्याकडं पाहुणे आलेले होते. ती घाईत म्हणाली, “नव्या पद्धतीचा कीबोर्ड असेल काकू. त्याचं ब्लूटूथमध्ये नाही, दुसरीकडंच आहे, कीबोर्ड-माऊसचा भाग असतो ना, एचआयडी नावाचा, तिथं बघा.” पुढं तिनं आणखी दोन-तीन नावं सांगितली, पण पाहुण्यांच्या गलक्यात ती मला नीट ऐकू आली नाहीत. परत विचारायला संकोच वाटला.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी निराळंच केलं. कीबोर्ड, ब्लूटूथ, एचआयडी, यातलं काहीही जिथं दिसेल तिथं ‘वाय’. मदत वाचायचीच नाही. खात्री नसली तरी ‘वाय’. वहिनीचा पहिला सल्ला, एका अर्थी. कर्नेल बनायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दादा या वेळी पाहायला बसला नाही, भिंतीकडं तोंड करूनच पडून होता. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाल्यावर मी मोठ्या अक्षरांचं पान उघडलं आणि तोंडावर पाणी मारायला मागं गेले, कारण लगेच पाहायची हिंमत नव्हती.

“बाई! ओ बाई!” वहिनी ओरडली.

मी धावत आले. वहिनी हातात फडकं घेऊन उभी. बिनवायरच्या कीबोर्डवरची धूळ पुसायला गेली, तर टीव्हीभर गगगगग आणि ककक झालं होतं. ती घाबरली होती, आपण काही बिघडवलं म्हणून. दादा उठून बसला. त्यानं तिच्या हातातून कीबोर्ड घेतला, मांडीवर ठेवला आणि बोटानं अक्षरं शोधू लागला. आम्ही दोघी उभ्याच. काना सापडायला वेळ लागला, जोडाक्षर मी दाखवलं. वाक्य पुरं झालं तेव्हा ते असं होतं :

‘तू त्या दिवशी मोबाईलवर हासली काऊन’

का हसलीस, हे वहिनीनं वाचलं. फडक्याला हात पुसत राहिली. मला वाटलं, आता ही ‘हसलेच नाही’ म्हणेल.

“हासली,” ती म्हणाली. “मंग काय करू? इतकी वर्षं तुमचा आवाज आयकला, अन् एकदम बाईमाणूस बोललं तुमच्याकडून!”

दादा पडद्याकडं पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. तो हसत होता. आवाज नसलेलं हसणं मी तोवर पाहिलं नव्हतं. क्षणभर मला कळेना, गुदमरतोय म्हणून धाव घ्यावी की काय.

नंतर भाडेकरणीनं विचारलं, “त्या एचआयडीतलं यूएचआयडी चालू केलं होतं का? मग त्यानंच झालं असणार.” असेलही. पण त्याच दुपारी मी आणखी कितीतरी गोष्टींना हो म्हटलं होतं. ती म्हणते, खात्री करायची तर एकेक बंद करून पुन्हा बनवून बघा. मी काही बघणार नाही. चालतंय तोवर हात लावायचा नाही, असं ठरवलंय. वीज जाऊन आली, की वहिनीचा फोन यायच्या आत मीच तिला फोन लावते.

दादा आता सकाळी दुकानात जातो. तिथं पाटीच असते. गिऱ्हाइकं थांबून वाचतात, काही जण उगाच मोठ्यानं बोलतात, जणू त्याला ऐकूच येत नाही. ते त्याला आवडत नाही. संध्याकाळी घरी मात्र टीव्हीवर दोघांचं भांडण चालतं. वरणात मीठ किती, जावयाला फोन आधी कोणी करायचा, चतुर्थीला केळझरच्या गणपतीला सकाळी जायचं की ऊन उतरल्यावर. वहिनी आतून उत्तर देते, दादा लिहितो, ती दारात येऊन वाचते आणि आणखी चिडून आत जाते.

मागच्या रविवारी मी निघाले होते. चप्पल पायात, पिशवी खांद्याला, बसची वेळ झालेली. तेवढ्यात दादानं हात वर करून मला थांबवलं आणि लिहायला घेतलं. ‘पुढच्या वेळी येशीन तं’ एवढं झालं आणि पुढचं अक्षर काही त्याला सापडेना. मी घड्याळाकडं पाहिलं.

“बसा जरा बाई,” वहिनी म्हणाली. “त्याइचं पुरं होऊ द्या.”

मी पिशवी खाली ठेवली.