आईच्या चित्राचा फोटो

कंपाउंडरच्या घरात बाहेरचा कारागीर कधी म्हणून आला नाही. नळ गळो, पंखा अडो, हा बाह्या सरसावून तयार. बायको त्याला ‘स्वयंभू’ म्हणायची, आणि ते कौतुकाने नव्हे. नळ दुरुस्त व्हायचा, पण मग आठवडाभर मोरी तुंबलेली असायची.

त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या ताईने फोनवर, “आईच्या चित्राचा एक नीट फोटो पाठव रे,” म्हटलं, तेव्हा स्टुडिओवाल्याला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. तो बिचारा दवाखान्यात औषध घेता घेता फुकटात सांगून गेला होता, “काच काढू नका हं. समोर काळी चादर धरा, चमक जाते.” कंपाउंडरने मान डोलावली आणि बाटलीवर लेबल चिकटवलं.

चित्र त्याने स्वतः काढलेलं. आई गेली त्याच महिन्यात, रंगीत खडूंनी. तिचा एकुलता एक फोटो घरात पाणी शिरलं तेव्हाच गेला होता. चौकटही यानेच ठोकली, काच थेट कागदाला टेकवून. चाळीस वर्षं ते भिंतीवर होतं.

रविवारी सकाळी त्याने ते खिडकीजवळ उभं केलं, उजेड बाजूने पडेल असं. फ्लॅश बंद. स्टुलावर जाडजूड पुस्तकं रचून मोबाईल बरोबर चित्राच्या मध्यावर आणला. सगळं चोख. पण दर फोटोत आईच्या गालावर खिडकी उमटायची. काळी चादर शोधायची तर अख्खं कपाट उपसावं लागणार. त्याने पक्कड घेतली.

“अहो, त्या स्टुडिओवाल्यांना विचारा तरी,” बायको म्हणाली.

“चार खिळे उपटायला कोणाला काय विचारायचं?”

खिळे निघाले. काच जरा अडली, म्हणून त्याने नखाने उचकटली. आईचं कपाळ, नाक, ओठ काचेला चिकटून वर आले. कागदावर राहिले केस आणि एक कान. घाबरून तो काच पुन्हा जागेवर ठेवायला गेला, आणि होतं तेही फासलं गेलं.

बायकोने पक्कड उचलून जागेवर ठेवली.

दुपारी त्याने नवा कागद घेतला. केस काढले, आणि हात थांबला. डोळे मिटले की त्याला भिंतीवरचं चित्र दिसत होतं. आई दिसत नव्हती. कितीतरी वर्षं दिसत नव्हती, आणि हे त्याला आज कळत होतं.

शेवटी त्याने ताईला फोन लावला. लहानपणी कपबशी फोडल्यावर सांगायचा तसं, अडखळत सगळं सांगितलं. मग म्हणाला, “तू मोठी, तुला आठवत असेल. तू सांग, मी काढतो. नाक कसं होतं गं तिचं?”

“मला आठवत असतं,” ताई म्हणाली, “तर फोटो कशाला मागितला असता रे?”